सर्चला "नाही" म्हणायचा अधिकार कोणी दिला?

काँप्युटरचा सर्च दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच चेहऱ्याने सांगतो. पहिली, "मी सगळीकडे पाहिलं, अशी फाइल नाही." दुसरी, "मी तिकडे पाहिलंच नाही." दोन्ही वेळा स्क्रीनवर तेच पांढरं पान आणि तीच एक ओळ येते, 'नो आयटम्स मॅच युवर सर्च'. आपण बिचारे दोन्ही वेळा पहिलाच अर्थ घेतो.

लॅपटॉपच्या पोटातल्या फाइल्सच्या बाबतीत यामुळे फारसं बिघडत नाही. घोळ होतो तो बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कच्या बाबतीत. बहुतेक घरांत अशी एक डिस्क असतेच. काळी, पासपोर्टएवढी, कपाटात विम्याच्या कागदांशेजारी ठेवलेली, आणि केबल ऐन वेळी न सापडणारी. लग्नाचे फोटो, जुन्या लॅपटॉपचा बॅकअप, आजोबांच्या आवाजातलं एखादं रेकॉर्डिंग, सातबाऱ्याचं स्कॅन, सगळं त्यात "टाकून ठेवलेलं" असतं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ती लॅपटॉपला लागते, कोणीतरी सर्चमधे एक शब्द मारतो, काही येत नाही, आणि निर्णय होतो: "यात नाहीये."

माझं म्हणणं साधं आहे. एक्स्टर्नल डिस्कवरच्या रिकाम्या सर्चला पुरावा मानू नका. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या जमातीला माझं सांगणं असं, की जे पाहिलं नाही त्याबद्दल "नाही" म्हणणं बंद करा.

वॉचमनचं रजिस्टर

मोठ्या सोसायटीच्या गेटवर जाऊन विचारा, "देशपांडे कुठे राहतात?" वॉचमन रजिस्टर उघडतो, बोट फिरवतो आणि सांगतो, "साहेब, इथे कोणी देशपांडे नाही." त्याच्या रजिस्टरमधे फक्त ए आणि बी विंगची नावं आहेत, सी विंगचं रजिस्टर दुसऱ्या गेटवर असतं, हे तो सांगत नाही. तो खोटं बोलत नाही. पण आपण परत जातो, आणि देशपांडे वर चहा टाकून वाट बघत बसतात.

काँप्युटरचा इंडेक्स म्हणजे हे रजिस्टर. विंडोज प्रत्येक सर्चला अख्खी डिस्क चाळत नाही. काही ठरावीक जागांची, मुख्यतः तुमच्या यूजर फोल्डरची आणि स्टार्ट मेनूची, यादी आधीच करून ठेवतं आणि उत्तर त्या यादीतून देतं. म्हणून ते इतकं पटकन येतं. एक्स्टर्नल डिस्क मुळात या यादीत नसते. तुम्ही 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मधे जाऊन 'मॉडिफाय' करून तिच्यावर टिक केलीत तरच ती येते. टास्कबारवरच्या सर्चमधे लिहून "माझ्या डिस्कवर काही नाही" म्हणणं म्हणजे ए विंगचं रजिस्टर बघून सी विंगबद्दल बोलणं.

"पण मी तर डिस्क उघडून, आत जाऊन सर्च केला!" छान. पण तिथेही एक गोम आहे. इंडेक्स नसलेल्या जागी विंडोज साधारणपणे फक्त फाइलचं नाव बघतं, आतला मजकूर बघत नाही. मजकूरही बघायला हवा असेल तर 'फोल्डर ऑप्शन्स'च्या 'सर्च' टॅबमधे 'ऑलवेज सर्च फाइल नेम्स अँड कंटेंट्स' ही टिक लागते. त्याच जागी झिप फाइल्सच्या आत बघण्याची वेगळी टिक आहे. म्हणजे सोय आहे, पण दोन मेनू खाली दडलेली. ती न वापरता आलेलं उत्तर मात्र सोय वापरून आलेल्या उत्तराइतकंच ठाम दिसतं.

बाकीचे तरी कुठे वेगळे? मॅकचं स्पॉटलाइट एक्स्टर्नल डिस्कची यादी त्या डिस्कवरच एका लपवलेल्या फोल्डरमधे ठेवतं. कल्पना चांगली आहे, यादी डिस्कबरोबर फिरते. पण डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर मॅक आपणहून तिच्यावर काही लिहीत नाही, नुसतं वाचतो. मग यादी लिहिणार कुठे? उबुंटूवर 'लोकेट' कमांड आहे, तिच्या मूळ सेटिंगमधे 'मीडिया' ही डिरेक्टरी वगळलेली असते, आणि एक्स्टर्नल डिस्क नेमकी तिथेच येऊन बसते! तीन सिस्टिम, तीन कारणं, आणि उत्तर तिघांचंही रिकामं.

"लावायचं कशाला, शोधू की"

ही सवय आपल्याला लागली कधी? गूगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आणलं आणि मेल फोल्डरमधे लावत बसण्यापेक्षा शोधून काढा असा मंत्र दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे गूगल डेस्कटॉप आलं. एप्रिल २००५ मधे ॲपलने मॅकवर स्पॉटलाइट दिलं. मायक्रोसॉफ्टचं स्वप्न तर याहून मोठं होतं: विनएफएस. फाइल कुठल्या फोल्डरमधे आहे याला महत्त्वच उरणार नाही, सगळं डेटाबेसमधून शोधता येईल. ऑगस्ट २००४ मधे ते नव्या विंडोजमधून वगळलं गेलं आणि २००६ मधे पूर्ण गुंडाळलं. गूगल डेस्कटॉपही २०११ मधे बंद झालं. मी तेव्हा शाळेत होतो, पण माझी अख्खी पिढी त्या मंत्रावरच वाढली. आमच्या ऑफिसमधे नव्या मुलांचे डेस्कटॉप बघितले तर 'न्यू फोल्डर (७)' पर्यंत गाडी गेलेली असते. विचारलं तर, "सर्च आहे ना!"

मेलच्या बाबतीत हा मंत्र खरा ठरला, कारण मेल एका जागी असते, एकच मालक तिची यादी करतो आणि ती यादी चोवीस तास ताजी ठेवतो. एक्स्टर्नल डिस्क म्हणजे याच्या बरोबर उलट. ती आज तुमच्या लॅपटॉपला, उद्या बहिणीच्या मॅकला, परवा टीव्हीला लागते. डेटा डिस्कबरोबर फिरतो, यादी ज्या त्या मशीनवर मागे राहते. सहा वर्षांनी लॅपटॉप भंगारात जातो, यादीही जाते, डिस्क उरते. सर्चच्या भरवशावर ज्यांनी काहीच नीट लावलं नाही त्यांना नेमक्या त्या दिवशी सर्चही साथ देत नाही.

सातारा नावाचा शब्द

हे तांत्रिक कुरकुरणं वाटत असेल तर एक घरातली गोष्ट सांगतो.

नात्यातले एक काका शाळेत शिक्षक होते. नोकरीची बरीच वर्षं साताऱ्याकडे गेली. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी काँप्युटरवर आठवणी टाइप करत बसायचे. ते गेले. वर्षभराने त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, त्यांची डिस्क काढली. त्याला ती रिकामी करून मुलीच्या नाचाचे व्हिडिओ ठेवायचे होते. आधी बघायला हवं म्हणून त्याने 'आठवणी' शोधलं, 'सातारा' शोधलं, 'शाळा' शोधलं. शून्य. मला म्हणाला, "अरे, सगळं बघून झालं. बाबांचं त्यात काही नाहीये. दोन-चार वर्डच्या फाइल्स आहेत, पण त्या करप्ट आहेत. उडवून टाकतो."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "असं कसं नाही? रोज सहाला बसायचे ते. मी चहा न्यायचे की!"

आता दोघांत विश्वास कोणावर ठेवायचा? काँप्युटर म्हणतोय नाही, आणि एक बाई म्हणतेय की मी स्वतः चहा नेऊन दिलाय. माझ्या मते काकूंचा पुरावा जास्त भक्कम होता. त्यांनी पाहिलं होतं. काँप्युटरने पाहिलं नव्हतं.

डिस्कवरच्या सगळ्या वर्डच्या फाइल्स मी 'मॉडिफाइड' तारखेने लावून बघितल्या. (कॉपी करताना विंडोज 'क्रिएटेड' तारीख नवी टाकतं, पण 'मॉडिफाइड' जुनीच राहते. शोधताना तीच धरावी.) तीन फाइल्स निघाल्या, नावं 'नवीन', 'नवीन १' आणि 'नवीन १ कॉपी'. उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होता. दादा ज्यांना करप्ट म्हणत होता त्या याच.

त्या करप्ट नव्हत्या. काका टाइपरायटरवर मराठी शिकलेले, म्हणून त्याच कीबोर्डचा कृतिदेव फाँट वापरायचे. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधीच्या अशा फाँटमधे फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षर असतं, फाँट त्यावर मराठीचं चित्र चढवतो. कृतिदेवमधे 'सातारा' लिहिलं की डिस्कवर साठतं एल, के, आर, के, जे, के. तुम्ही युनिकोडमधे 'सातारा' शोधलंत तर काँप्युटरच्या दृष्टीने तो शब्द त्या फाइलमधे खरंच नाही. उलट ती सहा इंग्रजी अक्षरं सर्चमधे टाकली, 'कंटेंट्स'ची टिक चालू केली, की तिन्ही फाइल्स समोर.

त्याच डिस्कवर जुन्या काँप्युटरच्या बॅकअपमधे फाँटची फाइलही होती. ती इन्स्टॉल केली आणि काल्याचं मराठी झालं. साठाच्या वर पानं निघाली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. काकूंनी चष्मा आणायला सांगितला.

मराठी घरांना हा धोका दुप्पट आहे, हे मुद्दाम सांगतो. १९९० च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्याकडचं बहुतेक मराठी टायपिंग श्रीलिपी, शिवाजी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम अशा पद्धतींत झालं. दिवाळी अंकांचे लेख, सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध. ते सगळं आजच्या सर्चला अदृश्य आहे. युनिकोडमधेही सगळं आलबेल नाही. 'वऱ्हाड' आणि 'वर्‍हाड' हे दोन शब्द बघा. डोळ्यांना एकच. पण पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. तुमच्या लग्नाच्या व्हिडिओच्या फोल्डरला नाव एका पद्धतीने दिलेलं असलं आणि शोधताना कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने टाइप करत असला, तर अक्षराला अक्षर जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅमला वऱ्हाड सापडायचं नाही. अशा वेळी शब्दाचा बिनधोक तुकडा शोधा, इथे नुसतं 'हाड' :-)

मग शोधायचं कसं?

मी जो क्रम लावतो तो देतो. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: सर्चने इथे पाहिलं होतं का?

पहिलं म्हणजे डिस्कची तब्येत. टक टक आवाज येत असेल, मधेच गायब होत असेल तर सर्च-बिर्च काही करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रत्येक वाचन म्हणजे जोखीम. आधी जमेल तेवढं कॉपी करून घ्या किंवा डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" विचारलं तर "नाही" म्हणा. तो प्रश्न त्याला डिस्क वाचता येत नाही म्हणून आलेला असतो. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं, हिशोब जुळतो का बघा. डिस्क ४०० जीबी भरलेली दाखवतेय आणि दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज १५० येतेय, तर अडीचशे जीबी कुठेतरी आहेत. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पुरावा. बहुतेक वेळा ते फोल्डर 'हिडन' असतात. पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्या शॉर्टकट व्हायरसांनी हेच केलं होतं: खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे. 'हिडन' आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम' फाइल्स दाखवा असं सेटिंग तेवढ्यापुरतं करून बघा.

तिसरं, परवानगी. जुन्या लॅपटॉपमधून काढून लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत मिळणाऱ्या केसिंगमधे घातलेली डिस्क असेल, तर तिच्यातला यूजर फोल्डर अजूनही जुन्या मालकाच्या नावावर असतो. सर्च अशा बंद दारावर थांबत नाही, गुपचूप पुढे जातो. त्या फोल्डरवर स्वतः डबल क्लिक करून 'कंटिन्यू' म्हणून परवानगी घ्या, मग शोधा.

चौथं, नावांची पूर्ण यादी. एनटीएफएस डिस्कवर सगळ्या फाइल्सचं एक मूळ कोष्टक असतं. 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट प्रोग्रॅम ते कोष्टकच थेट वाचतो, त्यामुळे लाखो नावं काही सेकंदांत समोर येतात. डिस्क एक्सफॅट असेल तर असं कोष्टक नसतं. मग ते फोल्डर सेटिंगमधून जोडावं लागतं आणि जरा वेळ लागतो. पण नाव आहे की नाही, याचं विश्वासार्ह उत्तर इथे मिळतं.

पाचवं, नाव बदललेलं असू शकतं. विंडोजच्या डिस्क दुरुस्तीने सापडलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरमधे आकडे देऊन ठेवलेले असतात. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे एकाच नावाचे चार वेगळे फोटो असू शकतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात मूळ कॅमेऱ्याची तारीख उरत नाही, तेव्हा 'डेट टेकन'ने तो सापडणार नाही. नाव सोडा, प्रकार आणि आकारावर जा: एक जीबीपेक्षा मोठे व्हिडिओ, ठरावीक वर्षातल्या वर्ड फाइल्स.

आणि सहावं, मजकूर. टिक चालू आहे का, फाँट जुना आहे का, पीडीएफ म्हणजे नुसता स्कॅन केलेला फोटो आहे का? स्कॅनमधे अक्षरं नसतात, चित्र असतं. सातबारा असा कितीही शोधलात तरी येणार नाही.

एवढं सगळं करूनही मिळालं नाही, तर मग म्हणा "नाही". तोवर फक्त "अजून सापडलं नाही" म्हणा. दोन शब्दांचा फरक आहे, पण पहिल्यानंतर लोक फॉरमॅट करतात.

इंजिनिअर मित्रांसाठी

"अरे, पण दरवेळी अख्खी डिस्क वाचणं परवडेल का?" हा आक्षेप रास्त आहे. हिशोब करा: २ टीबीची फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने सलग वाचली तरी साडेपाच तास. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३० एमबीने अठरा तासांहून जास्त. बारीक फाइल्स असतील तर आणखी. कोणीही शहाणा माणूस हे प्रत्येक सर्चला करणार नाही. सगळीकडे न बघण्याचा निर्णय बरोबरच आहे.

माझं भांडण त्या निर्णयाशी नाही, उत्तराच्या भाषेशी आहे. त्या पांढऱ्या पानावर एक ओळ लिहायला किती खर्च येतो? "फक्त नावं तपासली. १२ फोल्डर उघडता आले नाहीत. ४० झिप फाइल्सच्या आत पाहिलं नाही." ही माहिती प्रोग्रॅमकडे असते. कुठे जायचं नाही हे त्यानेच तर ठरवलेलं असतं. विंडोज ७ मधे हे अर्धंमुर्धं होतं, इंडेक्स नसलेल्या जागी सर्च हळू चालेल अशी पिवळी पट्टी यायची. पण तीही वेगाबद्दल बोलायची, काय सुटलं त्याबद्दल नाही. आपण कोडमधे 'नल' आणि 'शून्य' यात गल्लत केली की रिव्ह्यूमधे झापतो. युजरसमोर मात्र "माहीत नाही" आणि "शून्य" एकाच रंगात रंगवतो. का? तर स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून.

बरं, प्रोग्रॅम सुधारतील तेव्हा सुधारतील. तोपर्यंत आपल्या हातात एक स्वस्त उपाय आहे. पुढच्या वेळी डिस्क जोडाल तेव्हा एव्हरीथिंगमधून तिच्या सगळ्या फाइलनावांची यादी एक्स्पोर्ट करा, ती टेक्स्ट फाइल डिस्कवरही ठेवा आणि घरातल्या दोघांना मेलही करा. महत्त्वाच्या दहा-बारा फोल्डरांना माणसाला कळतील अशी नावं द्या: वर्ष, कोण, काय. जुन्या फाँटमधली कागदपत्रं युनिकोडमधे बदलून घ्या, निदान फाँटची फाइल तरी शेजारी ठेवा. अर्धा दिवस जाईल. एका शनिवारचं काम आहे.

आणि घरात कोणी म्हणालं, "मी पाहिलंय, त्यात आहे," तर आधी त्या माणसाला विचारा: साधारण कधीचं, कशात टाइप केलेलं, कोणत्या काँप्युटरवर? सर्च बॉक्सकडे त्यानंतर वळा.